संशोधनशाळेचे दार

रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. झालेला विद्यार्थी कधीकधी आपल्या जुन्या शाळेत पेढे घेऊन येतो. त्याला पुढे संशोधन करायचे असते. त्याच्या हातात अर्जांचा एक गठ्ठा असतो. त्यात साधारणपणे तीन प्रकारचे कागद असतात. पहिला गुणपत्रिकेचा. दुसरा त्याने स्वतः केलेल्या कामाविषयीचा, म्हणजे एखादा प्रकल्प, प्रबंधिका किंवा 'मला संशोधन का करायचे आहे' हे सांगणारे निवेदन. तिसरा शिक्षकांच्या शिफारसपत्राचा. जगातल्या कोणत्याही विद्यापीठात रसायनशास्त्राच्या पीएच.डी.साठी अर्ज करायचा तर थोड्याफार फरकाने हेच तीन कागद मागितले जातात.

हे तीन कागद आले कुठून? संशोधन करू इच्छिणाऱ्या मुलाची पारख कशी करावी, हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी कोणालाच पडत नव्हता, कारण रसायनशास्त्रातील संशोधन शिकवता येते ही कल्पनाच नव्हती. ती कशी रुजली, आणि तिच्याबरोबर दारावरचे पहारेकरी कसे उभे राहिले, याचा इतिहास शिक्षकांनी जाणून घ्यावा असा आहे. कारण त्या तीन कागदांपैकी एक आपण लिहितो आणि दुसरा घडावा यासाठी आपला हात लागू शकतो.

गीसेनची बराक

१८२४ साली जर्मनीतील गीसेन या लहानशा गावच्या विद्यापीठात एकवीस वर्षांचा एक तरुण प्राध्यापक नेमला गेला. त्याचे नाव युस्टुस लीबिग. डार्मस्टाट या गावी त्याच्या वडिलांचे रंग आणि औषधी द्रव्यांचे दुकान होते. लीबिगने शालेय शिक्षण पूर्ण केले नव्हते. एका औषधविक्रेत्याकडची उमेदवारीही अर्धवट सुटली होती. कास्टनर नावाच्या प्राध्यापकांनी त्याला विद्यापीठात आपल्याजवळ घेतले आणि पुढे राज्याच्या शिष्यवृत्तीवर तो पॅरिसला गेला. तेथे १८२३ मध्ये फ्रेंच अकादमीपुढे त्याचे स्फोटक फुल्मिनेटांवरील काम वाचले गेले. सभेला अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट हे नामवंत शास्त्रज्ञ हजर होते. त्यांनी या अनोळखी मुलाची चौकशी केली आणि गे-ल्युसॅक यांच्या खासगी प्रयोगशाळेत त्याचा प्रवेश करून दिला. गीसेनची नेमणूकही हुम्बोल्ट यांच्याच शिफारशीने झाली, तीसुद्धा विद्यापीठातील प्राध्यापकांचे मत न घेता.

म्हणजे रसायनशास्त्रात संशोधनाची पहिली मोठी शाळा ज्याने काढली, त्याच्याकडे स्वतःकडे शालेय शिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र नव्हते. त्याच्याकडे होते ते केलेले काम आणि ते पाहून लिहिलेले एक पत्र.

त्या काळी मोठ्या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एखाद्‌दुसराच विद्यार्थी असे, आणि तोही ओळखीने आलेला. इतरांनी व्याख्यान ऐकायचे आणि प्राध्यापकांनी टेबलावर केलेला प्रयोग लांबून पाहायचा, अशी रीत होती. लीबिगने ती मोडली. सैनिकांच्या रिकाम्या बराकीतील पहारेकऱ्यांच्या जागेत त्याने प्रयोगशाळा मांडली. सुरुवातीचे विद्यार्थी बहुतेक औषधनिर्माते होऊ पाहणारे होते. हळूहळू इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका अशा देशांतून तरुण तेथे येऊ लागले.

नव्या मुलाला आधी गुणात्मक विश्लेषण शिकावे लागे. बाटलीतील अनोळखी पदार्थात कोणते धातू आणि कोणती आम्ले आहेत ते क्रमवार परीक्षा करून ओळखायचे. आपल्या महाविद्यालयांत 'सॉल्ट ॲनालिसिस' म्हणून जे चालत आले, त्याचे मूळ याच परंपरेत आहे. गीसेनमध्ये लीबिगचा सहायक असलेल्या फ्रेझेनियसचे या विषयावरील पाठ्यपुस्तक १८४१ मध्ये निघाले आणि अनेक भाषांत गेले. यानंतर परिमाणात्मक विश्लेषण, नंतर ज्ञात पदार्थ स्वतः शुद्ध स्वरूपात तयार करणे, आणि मगच स्वतंत्र प्रश्न, असा क्रम असे.

स्वतंत्र प्रश्न नवशिक्या मुलाच्या हाती देता यावा, यासाठी एक साधन कारणीभूत झाले. सेंद्रिय पदार्थात कार्बन आणि हायड्रोजन किती, हे मोजणे त्या काळी फार किचकट होते. बर्झेलियससारख्या निष्णात माणसालाही त्यासाठी फार वेळ लागे. लीबिगने १८३१ मध्ये काचेचे पाच फुगे असलेली एक त्रिकोणी नळी तयार केली. पदार्थ कॉपर ऑक्साइडबरोबर तापवून जाळायचा. निघालेली पाण्याची वाफ कॅल्शियम क्लोराइडच्या नळीत शोषली जाते आणि कार्बन डायऑक्साइड या पाच फुग्यांतील पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात. दोन्ही नळ्यांचे वजन आधी आणि नंतर करायचे, की झाले. समजा, फुग्यांचे वजन ०.४४ ग्रॅमने वाढले. ४४ भाग कार्बन डायऑक्साइडमध्ये १२ भाग कार्बन असतो, म्हणून नमुन्यात ०.१२ ग्रॅम कार्बन होता. त्याचप्रमाणे १८ भाग पाण्यात २ भाग हायड्रोजन. नववी-दहावीच्या वर्गातही हे गणित सोडवून घेता येईल. ही पाच फुग्यांची नळी रसायनशास्त्रज्ञांची जणू खूणच बनली. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात ती आजही आहे.

साधन सोपे झाले आणि सामान्य बुद्धीचा पण हाताने नेटका असलेला मुलगाही विश्वासार्ह आकडे देऊ लागला. मग एकाच छपराखाली वीस-तीस मुले वीस-तीस वेगवेगळ्या प्रश्नांवर काम करू शकली. लीबिगने आपल्या आठवणींत या शिकवण्याची पद्धत सांगितली आहे. तिचा आशय असा : नेमून दिलेला अभ्यासक्रम फक्त नवशिक्यांसाठी होता. पुढच्या मुलांना तो प्रश्न देई आणि दररोज सकाळी प्रत्येकाकडून दोन गोष्टी ऐकून घेई. काल काय केले, आणि आज काय करण्याचा विचार आहे. त्यावर तो मान डोलवी किंवा हरकत घेई, पण वाट ज्याची त्यानेच शोधायची. मुले एकमेकांचे काम पाहत आणि एकमेकांकडून शिकत. सकाळी उजाडल्यापासून रात्रीपर्यंत काम चाले. तक्रार होती ती एकट्या आउबेल नावाच्या नोकराची. झाडलोट करायची म्हटले तर संध्याकाळी ही मुले प्रयोगशाळेतून बाहेरच निघत नसत!

या बराकीतून हॉफमान आणि फ्रेझेनियस बाहेर पडले. वास्तुशास्त्र शिकायला आलेला केकुले लीबिगची व्याख्याने ऐकून रसायनशास्त्राकडे वळला आणि पुढे त्याने बेंझिनची वलयाकार रचना मांडली. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की गीसेनमध्ये पारख आत आल्यावर होई. आधी आत घ्यायचे, काम द्यायचे, आणि मग कोण टिकते ते पाहायचे. विश्लेषणाच्या टेबलावर मुलाचा हात, चिकाटी आणि प्रामाणिकपणा दिसल्यावाचून राहत नसे.

अर्थात 'आत घ्यायचे' हे शब्द सर्वांना लागू नव्हते. शुल्क भरण्याची ऐपत हवी होती, आणि मुलगी असेल तर प्रश्नच मिटला. त्याविषयी पुढे.

तीन अटींचे पत्रक

लीबिगकडे आणि त्याच्या शिष्यांकडे शिकून आलेल्या अमेरिकनांनी ही रीत आपल्या देशात नेली. अमेरिकेतील पहिल्या पीएच.डी. पदव्या येल विद्यापीठाने १८६१ मध्ये दिल्या. पण संशोधनासाठी म्हणूनच विद्यार्थी निवडण्याची व्यवस्था ठळकपणे उभी राहिली ती १८७६ मध्ये, बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते जर्मनीत ग्योटिंगेन येथे डॉक्टर झालेले आयरा रेमसेन.

या विद्यापीठाने वर्षाला ५०० डॉलरच्या २० पाठ्यवृत्त्या जाहीर केल्या. संशोधन शिकणाऱ्याने पैसे भरण्याऐवजी विद्यापीठानेच त्याला पोटापुरते पैसे द्यावे, ही त्यामागची कल्पना. आता मात्र निवड अटळ झाली. वीसच जागा, पैसे विद्यापीठाचे, आणि अर्ज करणारे दूरदूरचे. गीसेनप्रमाणे 'या आणि करून दाखवा' म्हणणे शक्य नव्हते. म्हणून अर्जदाराने तीन गोष्टींचा पुरावा द्यावा असे ठरले. चांगले सर्वसाधारण शिक्षण झाल्याचा पुरावा, म्हणजे एखाद्या नावाजलेल्या महाविद्यालयाची पदवी. विशिष्ट विषयाकडे निश्चित कल असल्याचा पुरावा, म्हणजे आधी केलेल्या कामाचा नमुना. आणि सचोटीचा पुरावा, म्हणजे शिक्षकाचे पत्र.

आपल्या विद्यार्थ्याच्या हातातले तीन कागद ते हेच. मुलगा समोर नसताना त्याला ओळखण्याचा तो एक उपाय होता. गीसेनच्या टेबलावर जे डोळ्यांना दिसे, ते आता कागदांवरून ताडायचे होते.

पुढे अर्जांची संख्या वाढली, तशी कागदांची तुलना करणे अवघड झाले. एका महाविद्यालयाची पहिली श्रेणी आणि दुसऱ्याची पहिली श्रेणी सारखीच का? यावर उपाय म्हणून १९३०च्या दशकात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया या विद्यापीठांनी कार्नेगी प्रतिष्ठानाच्या साहाय्याने एक सामाईक परीक्षा सुरू केली. तीच पुढे 'जीआरई' म्हणून भारतीय विद्यार्थ्यांच्या परिचयाची झाली. तिच्यात रसायनशास्त्राची वेगळी विषय-परीक्षाही होती. अनेक दशके आपल्याकडची मुले तिच्या जाड पुस्तकांवर रात्री जागवत. ही रसायनशास्त्राची विषय-परीक्षा २०२३ मध्ये कायमची बंद झाली. तीन कागद मात्र राहिले.

चोरून केलेला अभ्यास

परीक्षेला नावे ठेवणे सोपे आहे. पण ज्याच्या मागे हुम्बोल्ट नाही, ज्याला कोणी ओळखत नाही, त्याच्यासाठी परीक्षा हेच एक दार असते, हे कलकत्त्याच्या एका मुलाच्या गोष्टीवरून दिसते.

प्रफुल्लचंद्र राय यांचा जन्म १८६१ चा. ते ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकत होते. तेथे रसायनशास्त्राची सोय नव्हती, म्हणून ते प्रेसिडेन्सी कॉलेजात बाहेरचे विद्यार्थी म्हणून व्याख्यानांना जात. तेथे अलेक्झांडर पेडलर हे प्राध्यापक वर्गासमोर नेटके प्रयोग करून दाखवत. ते पाहून राय आणि त्यांच्या एका मित्राने मित्राच्या बिऱ्हाडी छोटी प्रयोगशाळाच मांडली. साध्या पातळ पत्र्याचा ऑक्सि-हायड्रोजन ब्लोपाइप बनवण्याच्या नादात एकदा स्फोट झाला. दोघे थोडक्यात बचावले.

ब्रिटनमध्ये शिकायला जाण्याइतका पैसा घरात उरला नव्हता. एकच मार्ग होता, गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती. हिंदुस्थानी भाषेचे अभ्यासक जॉन गिलख्रिस्ट यांच्या देणगीतून ती दिली जाई. परीक्षा लंडन विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेच्या तोडीची होती आणि किमान चार भाषा याव्या लागत. रसायनशास्त्र शिकायला निघालेल्या मुलाने लॅटिन, फ्रेंच आणि संस्कृतचा अभ्यास केला, तोही चोरून. अपयश आले तर हसे होईल, म्हणून फारच थोड्यांना त्याची कल्पना होती. ज्या वर्गमित्राला वास लागला त्याने टिंगलही केली. १८८२ मध्ये निकाल लागला. भारतातून दोघे निवडले गेले. एक मुंबईचा बहादुरजी नावाचा पारशी विद्यार्थी, आणि दुसरे राय.

भाषांची ही अट आज विचित्र वाटेल. पण संशोधकाला जर्मन वाचता येणे ही त्या काळची, आणि नंतरही बराच काळ, खरीखुरी गरज होती. सेंद्रिय संयुगांची माहिती देणारा बाइलश्टाइनचा प्रचंड कोश १९८०च्या दशकापर्यंत जर्मन भाषेतच निघत होता. रसायनशास्त्रात डॉक्टर होऊ पाहणाऱ्या अनेकांना यासाठीच जर्मनची चाचणी द्यावी लागे.

राय एडिंबरोला क्रम ब्राउन यांच्याकडे शिकले. १८८७ मध्ये तांबे-मॅग्नेशियम गटातील संयुक्त सल्फेटांवरील कामासाठी त्यांना डी.एस्सी. मिळाली आणि १८८८ मध्ये ते परतले. येथे दुसरे दार बंद होते. वरच्या शिक्षणसेवेतील जागा इंग्लंडमध्ये नेमलेल्यांसाठी राखीव असत. जवळजवळ वर्षभर ते नोकरीविना होते. शेवटी १८८९ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात महिना २५० रुपयांवर प्रांतिक सेवेतील हंगामी जागा मिळाली.

त्या जागेवर बसून त्यांनी काय केले ते पाहण्याजोगे आहे. त्यांनी आपल्याभोवती विद्यार्थी जमवले आणि लीबिगप्रमाणे त्यांना प्रश्न दिले. नीलरतन धर, ज्ञानचंद्र घोष, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी ही भारतीय रसायनशास्त्रातील पुढची नावे या वर्तुळातून आली. १९२४ मध्ये इंडियन केमिकल सोसायटी स्थापन झाली तेव्हा राय तिचे पहिले अध्यक्ष होते. परीक्षेच्या दारातून आत आलेल्या माणसाने इतरांसाठी प्रयोगशाळेचे दार उघडले.

पहिला क्रमांक आणि तरीही नकार

परीक्षेत अव्वल, घरातून ओळख, आणि तरीही नकार. असे झाले ते मुंबईच्या कमला भागवत यांच्या बाबतीत.

त्याआधी थोडे मागे जाऊ. जर्मन विद्यापीठांत मुलींना रीतसर प्रवेश मिळू लागला तो विसाव्या शतकाच्या तोंडावर. प्रशियात तर १९०८ मध्ये. त्यापूर्वी युलिया लेर्मोंतोव्हा नावाची रशियन तरुणी हायडेलबर्गला बुन्सेनकडे आणि बर्लिनला हॉफमानकडे शिकली. बर्लिन विद्यापीठात तिचे नाव नोंदवले जाणे शक्य नव्हते. हॉफमानने खासगी रीतीने तिला काम करू दिले. १८७४ मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठाने तिला रसायनशास्त्रात डॉक्टरेट दिली. म्हणजे दार बंद असले तरी एखाद्या प्राध्यापकाने ठरवले तर फट पडत असे. मात्र सगळे त्याच्या मर्जीवर होते.

आता बंगळूर. जमशेटजी टाटा यांच्या कल्पनेतून १९०९ मध्ये भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली आणि १९११ मध्ये पहिले विद्यार्थी आले. सुरुवातीच्या विभागांत रसायनशास्त्राला मोठे स्थान होते. कमला भागवत यांचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे तेथे रसायनशास्त्र शिकलेल्या आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी. लेखिका दुर्गाबाई भागवत या कमलाबाईंच्या भगिनी. १९३३ मध्ये कमलाबाई रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान हे विषय घेऊन मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि त्यांनी बंगळूरला अर्ज केला. त्याच वर्षी सर सी. व्ही. रामन संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले होते. अर्ज नाकारला गेला. कारण एकच : अर्जदार मुलगी होती.

कमलाबाई वडिलांबरोबर बंगळूरला गेल्या, रामन यांना भेटल्या. तरीही नकारच. तेव्हा गांधीजींच्या मार्गाने जायचे त्यांनी ठरवले आणि कारण सांगितल्याखेरीज इथून हलणार नाही असे म्हणून त्या संचालकांच्या दाराशी बसल्या. शेवटी रामन यांनी अटींवर मान्यता दिली. कमलाबाईंनी पुढे सांगितल्याप्रमाणे त्या अटी अशा होत्या : पहिले वर्ष रीतसर विद्यार्थिनी म्हणून नोंद होणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम करावे लागेल. आणि प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये.

तिसऱ्या अटीतला अपमान वेगळा सांगायला नको. कमलाबाई तो कधी विसरल्या नाहीत. उतारवयातही त्या ही हकीकत स्पष्ट शब्दांत सांगत.

श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध, कडधान्ये यांतील नायट्रोजनयुक्त घटकांवर काम केले. एक वर्ष संपले. रामन यांनी काम पाहिले आणि त्यांची नोंद रीतसर झाली. पुढे संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. १९३६ मध्ये कमलाबाई एम.एस्सी. झाल्या.

या घटनेकडे शिक्षक म्हणून नीट पाहिले तर काय दिसते? विद्यापीठात पहिला क्रमांक होता, म्हणजे पहिला कागद निर्दोष होता. वडील आणि काका त्याच संस्थेचे, म्हणजे ओळखीचीही उणीव नव्हती. दोन्हींचा उपयोग झाला नाही. ज्याच्या हाती निर्णय होता, त्याची समजूत आधीच ठरलेली होती. रामन यांचे शास्त्रज्ञ म्हणून मोठेपण या समजुतीला आवर घालू शकले नाही. ती बदलली ती टेबलावरच्या एका वर्षाच्या कामाने. कमलाबाईंनी भांडून मिळवले ते खरे म्हणजे गीसेनमध्ये प्रत्येक मुलाला सहज मिळणारे होते : आधी काम करू द्या, मग ठरवा. फरक एवढाच की इथे ही परीक्षा एकटीलाच द्यावी लागली, आणि तीही मुलगी म्हणून. अशा वेळी सर्वांनाच ते दाराशी बसणे जमते असे नाही. किती जणी नकाराचे पत्र वाचून परत फिरल्या असतील, त्यांची नोंद कुठल्याच इतिहासात नाही.

पुढची हकीकत अधिक आनंदाची आहे. शिष्यवृत्ती मिळवून कमलाबाई केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांवरील कामासाठी नोबेल मिळालेले फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स तेथे जीवरसायनशास्त्राचे प्रमुख होते. प्रयोगशाळेत जागेची टंचाई होती. डेरेक रिक्टर यांनी आपल्याकडचे एक टेबल त्यांना दिवसा वापरायला दिले असे सांगतात. नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांनी वनस्पतींच्या ऊतींवर काम केले. बटाट्यावर प्रयोग करताना प्राण्यांच्या पेशींत श्वसनाच्या कामी येणारे सायटोक्रोम सी वनस्पतींच्या पेशींतही असते हे त्यांना आढळले. १९३९ मध्ये या दोघांचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. कमलाबाईंचा पीएच.डी.चा प्रबंध टंकलिखित चाळीस पानांचा होता आणि तो अवघ्या चौदा महिन्यांत पुरा झाला. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या आरंभीच्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

पण केंब्रिजचेही दार पुरते उघडे नव्हते. तेथे स्त्रियांच्या पदव्या तोवर नावापुरत्या होत्या. विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व देणारी पदवी त्यांना १९४८ पासून मिळू लागली.

भारतात परतल्यावर कमलाबाईंनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात आणि कुन्नूरच्या पोषण संशोधन संस्थेत काम केले. १९४७ मध्ये विवाहानंतर त्या कमला सोहोनी झाल्या आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. तेथे त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह नीरा, कडधान्ये अशा गरिबांच्या आहारातील पदार्थांवर संशोधन केले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

आजचे तीन कागद

आज आपल्याकडे रसायनशास्त्रात संशोधन करायचे तर वाटा अनेक आहेत. बी.एस्सी.नंतर 'जॅम' परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी.ला जाता येते. एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-यूजीसीची 'नेट' किंवा 'गेट' परीक्षा, आणि मग पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था, आयसर, विद्यापीठे अशा ठिकाणी मुलाखत. अमेरिकेत अनेक विद्यापीठे बी.एस्सी. झालेल्यालाही थेट पीएच.डी.ला घेतात. रसायनशास्त्रात शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाच्या बदल्यात शुल्कमाफी आणि निर्वाहवेतन मिळते. त्यासाठी गुणपत्रिका, निवेदन आणि बहुधा तीन शिफारसपत्रे लागतात.

मुलांचा सगळा जीव परीक्षेत अडकलेला असतो. ते चूक नाही. राय यांची गोष्ट हेच सांगते, की खेड्यातल्या अनोळखी मुलाला परीक्षेवाचून दुसरा आधार नसतो. परंतु परीक्षेने मुलाखतीच्या खोलीपर्यंत पोचता येते. तेथे प्रश्न येतो तो, एम.एस्सी.च्या प्रकल्पात तुम्ही स्वतः काय केले? आकडे अपेक्षेप्रमाणे आले नाहीत तेव्हा काय केले? ज्याने प्रकल्प बांधून आणलेल्या वहीतून उतरवला, तो येथे गप्प होतो. ज्याने एकच साधा प्रयोग चारदा केला आणि चौथ्यांदा चूक कुठे होती ते शोधले, तो बोलू लागतो.

आपल्या हातात काय आहे

शाळेतील शिक्षकाला वाटेल, पीएच.डी. फार दूर आहे. तरीही दोन गोष्टी आपल्या आवाक्यात आहेत.

पहिली, उत्तर माहीत नसलेला प्रश्न. शाळेतले बहुतेक प्रयोग उत्तर ठाऊक असलेले असतात आणि मुले ते उत्तर आधी लिहून मग निरीक्षण भरतात. वर्षातून एखादा प्रयोग तरी असा असावा की ज्याचे उत्तर शिक्षकालाही माहीत नाही. ताजा आवळा, वाळवलेला आवळा आणि मोरावळा यांतील क जीवनसत्त्वाची तुलना आयोडीनचे द्रावण आणि स्टार्च वापरून करता येते. गावातील चार विहिरींच्या पाण्याचा कठीणपणा साबणाच्या द्रावणाने दर महिन्याला मोजून पावसाळ्याआधी आणि नंतर काय फरक पडतो ते पाहता येते. खर्च फारसा नाही. तास सुरू होताना लीबिगचे दोन प्रश्न विचारावे : काल काय केले? आज काय करणार, आणि का?

दुसरी, शिफारसपत्र. 'विद्यार्थी हुशार, नम्र आणि होतकरू आहे' असे पत्र कोणालाही लिहिता येते, आणि म्हणूनच ते कोणी वाचत नाही. हुम्बोल्ट यांनी लीबिगची शिफारस केली ती त्याचे काम स्वतः ऐकून. आपणही पाहिलेले लिहावे. अमुक मुलीने तीनदा वेगळे आलेले वाचन खोडले नाही, तसेच ठेवून कारण शोधले, अशा एका वाक्याचे वजन दहा विशेषणांपेक्षा जास्त असते. त्यासाठी मुलांच्या अशा गोष्टींची एक वही शिक्षकाने ठेवावी. महाविद्यालयातील प्राध्यापकांना तर ती फारच उपयोगी पडेल, कारण पत्र मागायला मुलगा येतो तेव्हा त्याचा प्रयोग होऊन दोन-तीन वर्षे उलटलेली असतात.

आणि ही वही लिहिताना एकदा मागे जाऊन पाहावे की तिच्यात मुलींची नावे किती आहेत. मागच्या बाकावरच्या, इंग्रजी न येणाऱ्या, कोणाच्या ओळखीत नसलेल्या मुलांची किती आहेत. काही जणांनी काम केलेच नसेल. पण काही जणांना उपकरण हातात घेण्याची पाळीच आली नसेल. ती पाळी त्यांना देणे हे कुठल्याही प्रवेशसमितीच्या आधी शिक्षकाच्या हातात आहे.